म्हणजे शेवटी रिपेरिंगच ना?

गेल्या जूनमध्ये एका शाळेने नववी-दहावीच्या पालकसभेत मला बोलायला बोलावलं होतं. विषय बायोमेडिकल इंजिनिअरिंग. मी चाळीस मिनिटं बोलले, पडद्यावर चित्रं दाखवली, सोबत नेलेल्या जुन्या सिरिंज पंपाचं झाकण उघडून आतली मोटर फिरवून दाखवली. मग म्हटलं, विचारा. तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहिले. मी बोलत असताना ते वहीत टिपून घेत होते, म्हणून मला बरंही वाटलं होतं. म्हणाले, "मॅडम, माहिती फार छान दिलीत. पण म्हणजे शेवटी रिपेरिंगच ना?"

सभा हसली. मीही हसले आणि काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन खाली बसले. परत येताना गाडीत ते वाक्य कानातून जाईना. त्यांचं चुकलं तरी काय होतं? बावीस वर्षं मी रुग्णालयांतली यंत्रं दुरुस्तच करते आहे. टोचला तो त्यातला 'शेवटी'. पोराला शिकवायचं, क्लास लावायचे, कर्ज काढायचं आणि शेवटी त्याने हातात स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, असा त्याचा सूर होता.

त्या दिवशी राहून गेलेलं उत्तर आज तुम्हाला देते. तुमचं मूल आठवी ते दहावीत असेल, 'पुढे काय' हा विषय घरात जेवताना निघत असेल आणि निघाला की कुणीतरी ताटावरून उठत असेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

सुरुवात तुमच्याच घरापासून करू. तुमच्याकडे एक ऑक्सिमीटर असेल. २०२० किंवा २०२१मध्ये मिळेल त्या भावाला घेतलेला. आता तो टीव्हीखालच्या खणात मेणबत्त्या, बिघडलेले रिमोट आणि कुणाच्या तरी बारशाच्या पाकिटांखाली पडला असेल. आतले सेल काढून ठेवले असतील तर तुमचं घर शिस्तीचं. आज रात्री तो बाहेर काढा, नवे सेल घाला, मुलाच्या हातात द्या आणि एवढंच विचारा, की सुई टोचली नाही, थेंबभर रक्त काढलं नाही, मग रक्तात ऑक्सिजन किती आहे हे या चिमट्याला कळतं कसं?

लगेच मोबाइल उघडू देऊ नका. खोलीतला दिवा घालवून चिमट्याच्या आत बघायला सांगा. एका बाजूला लाल प्रकाश दिसेल. त्याच्या शेजारी आणखी एक दिवा असतो, पण त्याचा प्रकाश इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा. काही फोनच्या कॅमेऱ्यातून बघितलं तर तो फिकट जांभळा ठिपका होऊन दिसतो. समोरच्या बाजूला प्रकाश मोजणारा सेन्सर. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश बराचसा जाऊ देतं आणि इन्फ्रारेड जास्त पितं. ऑक्सिजन नसलेल्याचं याच्या उलट. दोन्ही प्रकाश किती पलीकडे पोचले याचं गुणोत्तर काढलं, की झालं.

पण होत नाही. बोटात हाड आहे, मांस आहे, कातडीचा रंग आहे, कुणाच्या नखावर नेलपॉलिश आहे. हे सगळं प्रकाश अडवतंच. ते वजा कसं करायचं? इथे गंमत आहे. हाड हलत नाही, कातडी हलत नाही. दर ठोक्याला भरतं आणि ओसरतं ते फक्त धमनीतलं रक्त. म्हणून जे दर ठोक्याला बदलतंय तेवढंच मोजायचं, बाकीचं सोडून द्यायचं.

ही युक्ती ताकुओ आओयागी नावाच्या जपानी इंजिनिअरची, १९७४ सालची. ते निहोन कोहदेन या कंपनीत होते आणि करत होते भलतंच. रक्तात रंग सोडून, कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून, हृदय किती रक्त पुढे ढकलतं ते मोजायचं होतं. आलेख सरळ येईना, नाडीच्या ठोक्यांनी थरथरायचा. ती थरथर काढून टाकायच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं, की ऑक्सिजन बदलला की थरथरही बदलते. जो कचरा म्हणून झाडून टाकायला ते बसले होते त्यातच सगळं होतं. आओयागी एप्रिल २०२०मध्ये ८४व्या वर्षी वारले. त्याच काळात तुम्ही-आम्ही केमिस्टच्या दुकानाबाहेर रांगेत उभे राहून त्यांचं यंत्र शोधत होतो. नाव कुणालाच माहीत नव्हतं. ते डॉक्टर नव्हते, इलेक्ट्रिकलचे इंजिनिअर होते.

आता हे सगळं ऐकून तुमच्या मुलाने "मग नेलपॉलिश लावून बघू या का?" असं विचारलं, तर पुढचं नीट वाचा. नाही विचारलं तरी बिघडत नाही, त्याची आवड दुसरीकडे असेल.

आता माझ्या कामाकडे. सकाळी साडेआठला माझा राउंड सुरू होतो. ऑपरेशन थिएटर, आयसीयू, नवजात बाळांचा कक्ष, डायलिसिस. रात्रीत कुठलं यंत्र कुरकुरलं याची नोंद सिस्टरांनी वहीत केलेली असते. मशीन बंद, मॉनिटर चुकीचं दाखवतो, पंप ओरडतोय. यातल्या निम्म्या तक्रारींत यंत्र धडधाकट असतं. प्लग सैल असतो, बीपीचा पट्टा मोठ्या माणसाचा आणि पेशंट सहा वर्षांचा असतो, किंवा कुणीतरी वायर ओढून स्टूल सरकवलेलं असतं. पण "यंत्र ठीक आहे" म्हणून मला तिथून निघता येत नाही. ते चुकीच्या पद्धतीने वापरलं जातंय म्हणजे ते कुठेतरी चुकीचं बनवलं तरी गेलंय किंवा चुकीचं शिकवलं तरी गेलंय, असं मी धरून चालते.

उरलेला दिवस मोजण्यात जातो. ताशी ५ मिली औषध देतो म्हणणारा पंप खरोखर पाचच देतो का? मोठ्या माणसाला अर्ध्या मिलीने फारसा फरक पडणार नाही, दीड किलोच्या बाळाला पडतो. मग विजेची गळती. प्रत्येक यंत्रातून थोडी वीज बाहेर झिरपतच असते. हृदयाला थेट जोडलेल्या उपकरणातून पेशंटकडे जाणारी ही गळती एरवी १० मायक्रोअँपिअरच्या आत असावी लागते. तुमच्या दिवाणखान्यातल्या ९ वॉटच्या एलईडी दिव्याला जेवढा प्रवाह लागतो, त्याचा हा जेमतेम चार हजारावा हिस्सा. एवढीशी वीज मोजायची, तिची नोंद करायची, यंत्रावर तारखेचं स्टिकर लावायचं. रिपेरिंग म्हणा ना. मला आता राग येत नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत नववीतली बारा मुलं आमच्या वर्कशॉपमध्ये आली होती. वॉर्डात नेणं शक्य नसतं, म्हणून दुरुस्त होऊन आलेला एक वॉर्मर मी बाजूला काढून ठेवला होता. कमी दिवसांच्या बाळाला ऊब देणारं हे यंत्र. खाली गादी, वर हीटर. बाळाच्या पोटावर एक वायर चिकटवतात, तिच्या टोकाला तापमान मोजणारा मणी असतो. पोट गार लागलं की हीटर वाढतो, पुरेसं ऊबदार झालं की कमी होतो. बाळ म्हणून मी माझ्या भाचीची बाहुली आणली होती.

एक मुलगी मागे उभी होती, सगळ्यांत मागे. ती म्हणाली, "बाळाने हात हलवला आणि वायर निघाली तर?"

मी म्हटलं, काढ. तिने वायर सोडवली आणि गादीच्या कडेबाहेर लोंबत ठेवली. पडद्यावरचा आकडा उतरायला लागला. ३६. ३५. ३४. आणि हीटरच्या पट्टीवरचे दिवे एकेक करून चढायला लागले. बाहुलीचं प्लॅस्टिकचं पोट हाताला गरम लागत होतं आणि यंत्र तिला आणखी भाजत होतं. थोड्याच वेळात अलार्म झाला. मुलं दचकली. ती मुलगी मात्र दचकली नाही. म्हणाली, "म्हणजे याला बाळ माहीतच नाही. याला फक्त वायर माहीत आहे."

पदवी घेऊन आलेल्या किती तरी पोरांना मी शिकवलंय. हे वाक्य त्यांच्या तोंडून यायला कधी कधी दोन वर्षं लागतात, कधी येतच नाही.

पुढचा तासभर मी काही बोलले नाही, बोलायची गरजच पडली नाही. दोन वायरी लावा, एक म्हणाला. दोन्ही निघाल्या तर, दुसऱ्याने विचारलं. वायर निघाल्याचं कळायला वेगळं बटण बसवा. ते बटण बाळाला टोचेल. एक मुलगा म्हणाला, "नर्सला सांगायचं, दर थोड्या वेळाने हात लावून बघा." सगळे त्याला हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, उत्तर तेच होतं. वायर चिकटवायला चमकणारं स्टिकर वापरतात म्हणजे हीटरची धग थेट मण्यावर बसत नाही, अलार्म असतात, सगळं असतं. पण सिस्टरचा हात हा त्या यंत्राचाच एक भाग आहे, आणि तो धरूनच यंत्र आखावं लागतं.

तुमच्या मुलाला हे काम दाखवायचं म्हणजे असं दाखवायचं. माहितीपत्रकावर हसणारी मुलं आणि मागे निळा डीएनए असतो, त्यातून काही कळत नाही.

आता त्या गृहस्थांसाठी रिपेरिंगची एक गोष्ट. अमेरिकेत मिनिआपोलिसला अर्ल बाकन या इंजिनिअरने १९४९ साली मेव्हण्याबरोबर एका गॅरेजात दुकान टाकलं. धंदा रुग्णालयांची उपकरणं दुरुस्त करायचा. बाकन दुरुस्तीला जायचे, म्हणजे डॉक्टरांच्या आजूबाजूला असायचे, त्यांच्या अडचणी त्यांच्या कानावर पडायच्या. तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात वॉल्टन लिलेहाय हे सर्जन लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करत. काही मुलांच्या हृदयाचा ताल शस्त्रक्रियेनंतर बिघडे, त्यांना काही दिवस पेसमेकर लावावा लागे. तेव्हाचा पेसमेकर म्हणजे भलं मोठं खोकं, भिंतीतल्या सॉकेटला जोडलेलं. मूल हलवायचं तर तेवढी लांब वायर हवी.

३१ ऑक्टोबर १९५७ला शहराची वीज गेली आणि काही तास आलीच नाही. लिलेहाय यांनी बाकनना विचारलं, तुला यावर काही करता येईल का? बाकननी एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात मेट्रोनोमचं सर्किट बघितलं होतं, म्हणजे गाणाऱ्याला लय धरून देणारी टिकटिक. दोन ट्रान्झिस्टर, एक बॅटरी. त्यांनी तीच टिकटिक हृदयाला द्यायची ठरवली. चार आठवड्यांत तळहातावर मावेल अशी डबी तयार झाली, आणि ती एका मुलाच्या छातीशी बांधली गेली. गॅरेजातल्या त्या दुकानाचं नाव मेडट्रॉनिक. आज ती वैद्यकीय उपकरणांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक आहे.

वीज जाण्याचं आपल्याला काय सांगायचं! लोडशेडिंगमध्ये ज्यांच्या बोर्डाच्या परीक्षा झाल्या ती पिढी आज पालक आहे. डिफिब्रिलेटर तुम्ही सिनेमात बघितला असेल, ताल भरकटलेल्या हृदयाला विजेचा झटका देतो तो. गावातल्या दवाखान्यात तो असला तरी बॅटरी उतरलेली आणि लाइट गेलेली, असा योग येतोच. पुण्याच्या जीवट्रॉनिक्स कंपनीने हाताने दांडा फिरवून चार्ज होणारा डिफिब्रिलेटर बनवला. जात्याच्या खुंट्यासारखा दांडा, फिरवा आणि झटका तयार. हे सुचायला लाइट जाणाऱ्या घरात वाढावं लागतं असं माझं मत आहे. आपल्या मुलांपाशी हे भांडवल भरपूर आहे, ते आपण गैरसोय म्हणून मोजतो.

आणि पदवीच हवी असंही नाही. जयपूर फूट हा कृत्रिम पाय तुम्हाला ठाऊक आहे. डॉ. प्रमोद करण सेठी यांचं नाव त्याला जोडलं जातं, १९८१ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ते योग्यच. पण तो पाय घडवण्यात त्यांच्या बरोबरीने हात होता मास्टर रामचंद्र शर्मा यांचा. ते मूर्ती आणि कलाकुसरीचं काम करणारे कारागीर, शाळा जेमतेम शिकलेले. परदेशी पाय बुटात घालायचा, त्यावर उकिडवं बसता येईना, मांडी घालता येईना, चिखलात चालता येईना. ते ज्याला दिसतं तो पाय करू शकतो. रबर कसं घट्ट करायचं याची वाट ट्रकच्या टायरांना रिमोल्डिंग करणाऱ्यांच्या दुकानात सापडली. नर्तिका सुधा चंद्रन याच पायावर पुन्हा भरतनाट्यम नाचल्या.

एवढ्या उत्साहाने सांगतेय म्हणून सगळं सोपं वाटेल, म्हणून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचंही सांगते. हृदयाची कृत्रिम झडप आयात करायची तर सामान्य माणसाला परवडत नव्हती. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली संस्थेने ती इथेच करायची ठरवली. एक नमुना केला, अपयशी. दुसरा केला, तोही. तिसराही. कुठे काही तुटलं, कुठे काही झिजलं. चौथा टिकला. डिसेंबर १९९०मध्ये तो पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसला, काम सुरू झाल्यापासून दहा वर्षांहून जास्त काळाने. ज्या मुलाला चाचणी परीक्षेत दोन गुण कमी पडले की घरात सुतक होतं, ते मूल तिसऱ्या नमुन्यापर्यंत पोचणार कसं? हे मी तुम्हाला विचारतेय, मुलाला नाही.

आता माझी एक तक्रार. दरवर्षी नीटचा निकाल लागला की मला फोन यायला लागतात. "मॅडम, मेडिकल थोडक्यात हुकलं, तर म्हटलं तुमची ती लाइन बघू." तुमची ती लाइन म्हणजे आंब्याच्या पेटीतला तळाचा आंबा. मुलगा शेजारी बसून ऐकत असतो. तो मग चार वर्षं स्वतःला हुकलेला डॉक्टर समजत शिकतो, आणि सर्जनसमोर उभं राहून "साहेब, यंत्रात दोष नाही, तुम्ही पॅडल चुकीचं दाबताय" हे सांगायची वेळ आली की त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. ही लाइन घ्यायची तर पहिली म्हणून घ्या. नाहीतर राहू द्या.

दुसरा घोळ नावाचा. बायोटेक्नॉलॉजी वेगळी, तिथे पेशी, जंतू, लसी, प्रथिनं यांच्याशी गाठ. डीएमएलटी वेगळं, ते प्रयोगशाळेत रक्त-लघवी तपासण्याचं शिक्षण. एक्स-रे, एमआरआय काढणारा टेक्निशियनही वेगळा. ही सगळी चांगली कामं आहेत, पण ती यंत्र वापरण्याची किंवा नमुना तपासण्याची. बायोमेडिकलवाला यंत्र घडवतो, तपासतो, बसवतो, सांभाळतो. शेजारच्या काकूंनी दिलेल्या माहितीवर प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमाचं पान स्वतः उघडून वाचा.

रस्ता सांगते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं, आणि एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट. नीट लागत नाही. अकरावीत जीवशास्त्र सोडून बायफोकल घेण्याची टूम आहे, कारण दोनशे गुण सोपे पडतात म्हणे. पदवीच्या प्रवेशासाठी जीवशास्त्र सक्तीचं नाही, पण मुलाचा जीव त्यात असेल तर ते सोडायला लावू नका. मी सोडलं होतं. पहिल्या वर्षी शरीररचनेच्या तासाला मला यकृत डावीकडे असतं असं वाटत होतं. महाराष्ट्रात ही शाखा मोजक्या कॉलेजांत आहे आणि विद्यार्थी कमी आले की बंदही होते, म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीची यादी बघा, चुलत भावाच्या वेळची नको. दहावीनंतर काही पॉलिटेक्निकमध्ये मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा असतो. हात चांगला चालणाऱ्या मुलाला तो उत्तम, तिथून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

जवळ कॉलेज नसेल तर इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, कॉम्प्युटर यांतलं काहीही करून पुढे एम.टेक.ला इकडे वळता येतं, आणि खरं सांगायचं तर मला तो रस्ता अनेकदा जास्त पक्का वाटतो. एका विषयाचं हाड आधी भक्कम होतं. २०२०पासून गेट परीक्षेत बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपरही आहे. आयआयटी मुंबईत हे शिक्षण आहे. आयआयटी मद्रास, वेल्लोरचं सीएमसी आणि श्री चित्रा यांचा मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचा एम.टेक. आहे. आयआयटी मुंबईतच २०१४मध्ये राज्य सरकारच्या मदतीने बेटिक नावाचं केंद्र सुरू झालं, पुढे पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटीही त्यात आलं. तिथे डॉक्टर अडचण घेऊन येतात आणि इंजिनिअर ती टेबलावर मांडून बसतात. बघण्यासारखं असतं.

पैशाचं विचारायला तुम्ही संकोचता, म्हणून मीच बोलते. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, आयटीतल्या चुलत बहिणीशी तुलना कराल तर दिवाळीच्या फराळाला रंग चढणार नाही. माझ्या पहिल्या पगारात आईला मिक्सर आला आणि पैसे संपले. सर्व्हिस इंजिनिअर झालं तर फिरती असते, आज सोलापूर, परवा चंद्रपूर, रात्री दोनला फोन. मुलीला हे जमेल का, असं हटकून विचारतात. मुलाला जमेल का, असं आजवर कुणी विचारलं नाही. पुढे वाटा फुटतात. कुणी कंपनीत नवी उपकरणं आखतं, कुणी त्यांचं सॉफ्टवेअर लिहितं. २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी उपकरणांचे धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग केले, आणि २०२०पासून थर्मामीटरपासून एमआरआयपर्यंत सगळीच उपकरणं टप्प्याटप्प्याने कायद्याखाली आली. चाचण्या, नोंदी, परवाने यांचं काम त्यामुळे खूप वाढलंय. तुमच्या मुलाची भाषा चांगली असेल, मुद्देसूद लिहायची सवय असेल, तर या खात्यात त्याला मान आहे. आमच्याकडे उत्तम इंजिनिअर मिळतात, एका पानात नीट सांगणारे मिळत नाहीत. आणि तालुक्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरला नवा व्हेंटिलेटर मराठीत समजावून सांगणारा माणूस तर सोन्याच्या मोलाचा.

दहावीच्या सुट्टीत काय करता येईल असं विचाराल तर क्लास नको. ओळखीच्या रुग्णालयात बायोमेडिकल विभाग आहे का ते विचारा, बहुधा तळघरात, ऑक्सिजनच्या टाक्यांच्या आसपास असतो. दोन तास बसू द्या म्हणा. आम्ही लोक एकटे असतो, कुणी विचारलं की बोलत सुटतो. घरात एखादी मेलेली वस्तू असेल तर ती मुलाला उघडायला द्या. इस्त्री, रेडिओ, मिक्सर, प्लग काढून. मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर आणि जुना डबा टीव्ही मात्र नाही म्हणजे नाही, त्यांच्या पोटात वीज साठून राहते, प्लग काढल्यावरही. चालू असलेलं औषधोपचाराचं यंत्रही नाही. उघडलेली वस्तू परत जुळली नाही तरी ओरडू नका, ती मेलेलीच होती.

हे मी त्या पालकसभेतही सांगितलं होतं. तीन-चार महिन्यांनी रात्री दहाला एका बाईंचा फोन आला. शाळेतून नंबर घेतला होता. "मॅडम, तुम्ही सांगून गेलात आणि आता बघा. सासऱ्यांचं बीपीचं जुनं मशीन बंद पडलं होतं, नवीन आणलं, तर याने जुनं सगळं खोलून ठेवलंय. ओट्यावर पसारा. आता हो काय करू?"

मी विचारलं, "स्क्रू कुठे ठेवलेत त्याने?"

त्या स्वयंपाकघरात गेल्या असाव्यात. भांड्यांचा आवाज आला. मग हळूच म्हणाल्या, "इडलीपात्रात. एकेका खळग्यात एकेक. आणि बाजूला कागदावर गोल काढून नंबर घातलेत."

मी म्हटलं, "मग झोपा तुम्ही. आणि मिस्टरांना सांगा."

"ते झोपले नाहीयेत," त्या म्हणाल्या. "ते बॅटरी धरून उभे आहेत त्याच्याजवळ. सकाळी इडल्या करायच्या होत्या मला."